पानावरून झाड ओळखायचं तर आधी डोळा शोधा, आकार नंतर

झाड ओळखायला निघालेला नवखा माणूस सगळ्यात आधी पानाचा आकार बघतो आणि बहुतेक वेळा तिथंच फसतो. श्रावणात साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढताना कडेच्या झुडपांवर बदामी आकाराची पानं असलेल्या वेली एकमेकींत गुंतलेल्या असतात. त्यात गुळवेल असते, उतरण असते, कडू करांदाही असतो. नुसत्या आकारावर गेलात तर तिन्ही सारख्याच. पण पान खोडावर कुठं बसलंय, त्याच्या समोर दुसरं आहे का आणि देठापाशी काय आहे, एवढं बघितलं की तिन्ही लगेच वेगळ्या होतात.

म्हणून इथं क्रम उलटा ठेवला आहे. पान नक्की कुठून कुठवर आहे ते आधी ठरवायचं, मग मांडणी, मग देठाजवळच्या खुणा, मग शिरा आणि वास. आकार, कडा, टोक हे सगळं शेवटी. हा क्रम पाळला तर नाव कळलं नाही तरी झाड कोणत्या कुळातलं याचा अंदाज येतो. तसा अंदाज आला की शोध निम्म्याहून कमी होतो.

सोबत काय घ्यायचं

दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग, १५ सेंटिमीटरची पट्टी, वही आणि पेन्सिल. पेन नको, पावसात शाई फुटते. हातभर पांढरा दोरा खिशात असू द्या, त्याचा उपयोग पुढं येईल. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि पान भिंगाकडं आणायचं. भिंग पानावर धरून लांबून बघितलं तर काहीच नीट दिसत नाही. भिंग घेऊनही लोक ते वापरायचं सोडून देतात, ते यामुळंच.

पहिली पायरी: हे पान आहे की पानाचा तुकडा?

प्रत्येक पानाच्या देठाच्या बगलेत एक डोळा असतो. ऊस लावणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. कांड्यावर पान जिथं चिकटतं, तिथंच डोळा असतो आणि तिथूनच फुटवा येतो. झाडांचंही तसंच आहे. डोळा कधी टाचणीच्या डोक्याएवढा असतो, कधी देठाच्या तळाखाली दडलेला असतो. पण तो जिथं सापडतो तिथून पुढं जे काही आहे ते सगळं मिळून एक पान.

करायचं असं. पानाच्या टोकापासून सुरू करा आणि बोटानं मागं मागं या. जिथं पहिला डोळा लागेल तिथं थांबा. कडुनिंबाची वाकडी, करवती कडेची हिरवी पाती आपण पानं म्हणून तोडतो, पण त्यांच्या तळाशी डोळा नसतो. डोळा असतो तो लांब काडी फांदीला जिथं जुळते तिथं. म्हणजे ती अख्खी काडी हे कडुनिंबाचं एक पान आणि ती पाती म्हणजे त्याची दलं. अशा पानाला संयुक्त पान म्हणतात. दलं मधल्या काडीच्या दोन्ही बाजूंना पिसासारखी लागली असली तर पिच्छाकृती, देठाच्या टोकावर एकाच जागेतून निघाली असली तर हस्ताकृती.

काही पानं दोनदा, तीनदा विभागलेली असतात. बाभूळ, शिरीष, गुलमोहर दोनदा, शेवगा तीनदा. शेवग्याच्या बाबतीत बोट मागं आणत आणत जवळजवळ हातभर यावं लागतं, तेव्हा डोळा सापडतो. मुलांना हे शिकवायचं असेल तर शेवग्यापासूनच सुरुवात करा, एका झाडात सगळं कळतं.

इथं हमखास चुका होतात त्या दोन ठिकाणी. पहिलं आवळा. आवळ्याची डहाळी बघताच वाटतं की चिंचेसारखं संयुक्त पान आहे. पण भिंग लावून बारीक पात्याच्या बगलेत बघा, फुलं आणि फळं तिथंच येतात. संयुक्त पानाच्या दलाच्या बगलेत फूल कधी येत नाही. म्हणजे आवळ्याची ती बारीक पाती हीच खरी पानं आणि ज्याला आपण पानाची काडी समजतो ती डहाळी. ती डहाळी पुढं पानासारखी अख्खी गळून पडते, म्हणून गोंधळ आणखी वाढतो.

दुसरी जोडी सातवीण आणि काटेसावर. दोन्हींत पाच-सात हिरवी पाती एका जागेतून छत्रीसारखी पसरलेली दिसतात. काटेसावरीत ती एका लांब देठाच्या टोकावर असतात आणि डोळा त्या देठाच्या तळाशी सापडतो, म्हणजे हे एकच हस्ताकृती पान. सातवीणीत तो लांब देठच नाही. पाती थेट फांदीच्या पेरावरून, म्हणजे पान जिथं फुटतं त्या सांध्यावरून निघतात, प्रत्येकीला आपला आखूड देठ आणि आपली बगल. म्हणजे ही सात वेगवेगळी साधी पानं. एक पान तोडलंत तर सातवीणीतून पांढरा चीक येतो, सावरीतून येत नाही. सातवीण शहरात रस्त्याकडेला खूप लावलेली असल्यामुळं हा फरक घराजवळच तपासता येतो.

दुसरी पायरी: मांडणी

फांदी निवडताना शेंड्यापासून तिसरं ते आठवं पेर बघा. शेंड्याला पानं दाटीनं असतात आणि तिथं कुठलीही मांडणी कशीही दिसते. जुन्या भागावर अर्धी पानं गळालेली असतात. बकऱ्यांनी खुडलेली, छाटलेली किंवा बुंध्यातून नव्यानं जोरात फुटलेली फांदी टाळा.

एका पेरावर एकच पान असेल तर मांडणी एकाआड एक. दोन पानं समोरासमोर असतील तर सम्मुख. तीन किंवा जास्त असतील तर मंडलाकार: तांबड्या किंवा पांढऱ्या फुलांच्या कण्हेरीत तीन-तीन, सातवीणीत चार ते सात. चौथा प्रकार जमिनीलगत गोल गुच्छ करून बसणाऱ्या पानांचा. साताऱ्याजवळच्या कासच्या सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, दवबिंदूची एक जात अशी असते. तिच्यात खोड इतकं आखूड असतं की पेरं मोजताच येत नाहीत.

सांगायला सोपं, पण फांदीवर गोंधळ होतो, कारण झाडं उन्हासाठी पानं वळवतात. पेरू, करवंद आणि जांभळाची आडवी फांदी बघा. पानं एका पातळीत दोन ओळींत लागल्यासारखी दिसतात आणि घाईत बघणारा ती एकाआड एक समजतो. पानाकडं बघू नका, देठ जिथं फांदीला चिकटतो तिथं बघा. देठ पिळवटलेला दिसला तर पान वळलेलं आहे. उभी, सरळ वाढलेली फांदी मिळाली तर तिच्या शेंड्यावरून खाली बघा. सम्मुख पानांची एक जोडी पूर्व-पश्चिम, तर पुढची दक्षिण-उत्तर, अशी फुली दिसते. तुळस आणि रुई यांत ती फार स्वच्छ दिसते.

दुसरा गोंधळ शेंड्याला झुबके करणाऱ्या झाडांचा. बेहडा, कुंभा, आंबा यांची पानं फांदीच्या टोकाला घोसानं येतात आणि मंडलाकार वाटतात. गळलेल्या पानांचे वण बघा. वण एकाच पातळीवर कडं करून असतील तर मंडलाकार, चढत गेले असतील तर एकाआड एक. बेहडा आणि कुंभ्यात ते चढत जातात.

तिसरं, ऐन, हिरडा, नाना या झाडांत पानं जवळजवळ समोरासमोर असतात, पण अगदी समोर नसतात. एक पान दुसऱ्यापेक्षा अर्धा-एक सेंटिमीटर वर. एकाच फांदीवर काही जोड्या समोर, काही सरकलेल्या. अशा वेळी दहा पेरं मोजा आणि वहीत "दहापैकी सहा समोर, चार सरकलेली" असं लिहा. जबरदस्तीनं एका रकान्यात बसवू नका, हा सरकलेपणाच ओळखीची खूण आहे.

निलगिरी तर वयाप्रमाणं मांडणी बदलते. रोपावर आणि तोडलेल्या बुंध्यातून आलेल्या फुटव्यावर पानं सम्मुख, रुंद आणि देठ जवळजवळ नसलेली. मोठ्या झाडावर एकाआड एक, लांबट, लोंबती. वनीकरणात लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ आणखी पुढं जाते. बियातून आलेल्या कोवळ्या रोपाला बाभळीसारखं दोनदा विभागलेलं पान येतं, पुढं दलं येणंच बंद होतं आणि देठ चपटा होऊन विळीच्या पात्यासारख्या पानाचं काम करतो. रोप आणि झाड वेगळ्या जातीचं समजण्याची चूक इथं वारंवार होते.

आता तो दोरा. एकाआड एक पानांमध्येही ठराविक शिस्त असते. एका पानाच्या तळाशी दोरा बांधा, पुढच्या पानाच्या तळावरून, मग त्याच्या पुढच्या, असा वर गुंडाळत जा. पहिल्या पानाच्या बरोबर वर येणारं पान सापडलं की थांबा. किती फेरे झाले आणि किती पानं लागली ते लिहा, पहिलं पान सोडून मोजा. जास्वंदीत दोन फेऱ्यांत पाचवं पान बरोबर वर येतं. गवतात आणि उसात एका फेऱ्यात दुसरंच पान वर येतं, म्हणजे पानं दोनच ओळींत. लव्हाळ्याच्या कुळात तीन ओळी. भातखाचरात गवत आणि लव्हाळा यांत फरक करायला हे पुरेसं आहे: दोन ओळी आणि पेरं असलेलं गोल खोड म्हणजे गवत, तीन ओळी आणि बोटांत फिरवल्यावर जाणवणारं तिधारी खोड म्हणजे लव्हाळा.

मांडणी कळली की काय काय गळून पडतं

पान संयुक्त आहे, एकाआड एक आहे आणि शेंगा येतात, तर ते बाभूळ, पळस, करंज, शिसव यांच्या मोठ्या कुळातलं. त्या कुळात सम्मुख पान इतकं दुर्मीळ आहे की समोरासमोर पान दिसलं की ते कुळ बाजूला ठेवायला हरकत नाही.

सम्मुख पान आणि पांढरा चीक: रुई, कुडा, करवंद, उतरण. सम्मुख पान, चौकोनी खोड आणि चुरगाळल्यावर वास: तुळशीचं कुळ किंवा घाणेरी-निर्गुडीची मंडळी. सम्मुख पान, उजेडात धरल्यावर तेलाचे ठिपके आणि कडेला समांतर पळणारी एक शीर: जांभूळ. एकाआड एक पान, पांढरा चीक आणि फांदीवर पेरापेराला गोल कडं: वड, पिंपळ, उंबर, फणस. याला एक ठळक अपवाद आहे. ओढ्याकाठी येणाऱ्या काळ्या उंबराची, ज्याला काही गावांत बोखाडा म्हणतात, खरखरीत पानं बहुधा समोरासमोर असतात. त्यामुळंच तो बाकीच्या उंबरांपासून पटकन वेगळा निघतो.

तिसरी पायरी: देठाजवळच्या खुणा

लोक सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथं करतात आणि सगळ्यात भरवशाची माहिती इथंच मिळते.

देठाच्या तळाशी दोन बाजूंना कधी छोटी पानासारखी किंवा खवल्यासारखी उपपर्णं असतात. समोरासमोरच्या दोन देठांच्या मधल्या जागेत खोडाला चिकटलेलं त्रिकोणी किंवा गोलसर खवलं दिसलं तर ते कॉफीच्या कुळाचं लक्षण. कदंब, कळंब, हेदू, गेळा ही सगळी त्यातली. उपपर्णं लवकर गळतात, म्हणून कोवळ्या शेंड्याजवळ बघा. गळली तरी दोन देठांना जोडणारी बारीक आडवी रेघ उरते, ती भिंगातून दिसते. हेदू आणि शिवण दोन्हींची पानं मोठी, बदामी आणि सम्मुख. शिवणीत हे खवलं नसतं, उलट पानाच्या तळाशी देठाजवळ बारीक ग्रंथी, म्हणजे छोटे उंचवटे असतात. फूल-फळ नसताना हे दोन वृक्ष वेगळे करायला एवढं पुरतं.

वडाच्या कुळात उपपर्ण टोपीसारखं शेंड्याच्या कळीला झाकतं आणि गळताना फांदीभोवती गोल कडं ठेवून जातं. सोनचाफ्यालाही असंच कडं असतं, पण चीक नसतो.

मग ग्रंथी. ऐनाचं पान उलटं करा. मधल्या शिरेवर, तळाजवळ एक किंवा दोन मसासारखे उंचवटे असतात. हिरड्यात तशी जोडी देठाच्या वरच्या टोकाला असते. ऐन आणि अर्जुन यांत पानावरून शंका राहिलीच तर खोड बघा. ऐनाची साल काळपट, मगरीच्या पाठीसारखी खोल चिरलेली. अर्जुनाची पांढरट, गुळगुळीत, पापुद्रे सोडणारी.

काटा असेल तर तो कुठून निघाला ते बघा. बाभूळ आणि बोरीत काट्यांची जोडी देठाच्या दोन बाजूंना असते, कारण ती उपपर्णांच्या जागी आलेली असते. बोरीत त्यातला एक बहुधा सरळ आणि दुसरा आकड्यासारखा. बेल आणि लिंबात काटा पानाच्या बगलेत, डोळ्याच्या शेजारी. काटेसावर आणि पांगाऱ्यात काटे सालीवर कुठंही, पानाशी त्यांचा संबंध नाही.

चौथी पायरी: शिरा, उजेड, वास, चीक

पान आकाशाकडं धरून बघा. बेल, लिंबू, कढीपत्ता यांत टाचणीनं टोचल्यासारखे अर्धपारदर्शक ठिपके दिसतात. वायवर्ण्याचंही पान बेलासारखं तीन दलांचं, म्हणून पुष्कळदा बेल समजून तोडलं जातं. त्यात ठिपके नाहीत, काटे नाहीत, बेलाचा वास नाही आणि तिन्ही दलं एकाच बिंदूतून निघतात. बेलाच्या मधल्या दलाला स्वतःचा वेगळा लांब देठ असतो.

तळापासूनच तीन ठळक शिरा निघतात का ते बघा. बोर आणि दालचिनीत त्या निघतात, रानमोडीतही. माळावर आणि घाटकडेला पसरलेल्या रानमोडी आणि घाणेरी दोन्हींची पानं सम्मुख, पण घाणेरीचं खोड चौकोनी आणि आकडेदार काट्यांचं, पान खरबरीत. रानमोडीचं खोड गोल, बिनकाट्याचं. उलट अंजनीत मधली शीर सोडली तर बाजूच्या शिरा जवळजवळ दिसतच नाहीत. कासच्या वाटेवर जाड, गुळगुळीत, सम्मुख आणि शिरा हरवलेलं पान दिसलं तर आधी अंजनीचाच विचार करा.

वास घ्यायचा तर पानाचा छोटा तुकडा बोटांत चुरगाळा आणि लगेच हुंगा. दुसऱ्या झाडाकडं जाण्याआधी बोटं पुसा, नाहीतर निर्गुडीचा वास पुढच्या चार झाडांना लागतो. सागाचं कोवळं पान चोळलं तर बोटं तांबडी होतात.

चीक बघताना काळजी घ्या. रुई, शेर, निवडुंग यांचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते, बिब्ब्याच्या रसानं कातडीवर फोड येतात. अनोळखी पान चाखून बघू नका, चीक लागलेला हात तोंडाला-डोळ्याला लावू नका. कण्हेर, पिवळी कण्हेर, कळलावी, धोतरा ही घराशेजारी, बांधावर सहज दिसणारी झाडं विषारी आहेत.

पाचवी पायरी: आता आकार

एक पान मोजून काही कळत नाही. त्याच झाडाची पाच पानं घ्या, उन्हातली आणि सावलीतली मिळून, आणि प्रत्येकाची लांबी-रुंदी लिहा. मग पान सगळ्यात रुंद कुठं आहे ते बघा. मध्यावर रुंद असेल तर लंबवर्तुळाकार, देठाकडं रुंद असेल तर अंडाकृती, टोकाकडं रुंद असेल तर उलटं अंडाकृती. कुंभा हे शेवटच्याचं चांगलं उदाहरण. लांबी रुंदीच्या तिपटीहून जास्त असेल तर भाल्यासारखं. कडा अखंड की करवती, टोक लांब शेपटीसारखं की खाच असलेलं, आणि तळाच्या दोन बाजू सारख्या की एक वर एक खाली, एवढं टिपा. तळ तिरपा असणं ही चांगली खूण आहे, धामणीत ती दिसते.

देठ पानाच्या काठाला न लागता पात्याच्या आत लागला असेल तर ते वेगळं नोंदवा. एरंडात तसं असतं. एरंडाचं पान बोटांसारखं चिरलेलं असलं तरी चिरा देठापर्यंत पोचत नाहीत, म्हणून ते साधंच पान.

दसऱ्याला आपट्याऐवजी कांचनाच्या फांद्या तोडल्या जातात, तोही आकाराचाच घोळ. दोन्हींची पानं जोडपानासारखी टोकाला दुभंगलेली. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदी जास्त. कांचनाचं तळहाताएवढं, पातळ. पट्टी लावली की संशय राहत नाही आणि कांचनाची नाहक ओरबाड वाचते.

घोळ होणाऱ्या काही जोड्या

सुरुवातीच्या वेलींपासून. गुळवेलीची पानं एकाआड एक, देठ लांब आणि तळाशी किंचित फुगीर, पाच-सात शिरा तळातून पंख्यासारख्या निघतात, पांढरा चीक नाही. जून खोडावर पातळ पापुद्रा सुटतो, पुटकुळ्या असतात आणि वरून दोऱ्यासारखी मुळं लोंबतात. उतरणीची पानं समोरासमोर, लवदार, चुरगाळली की उग्र वास, तोडलं की पांढरा चीक. काढ्यासाठी गुळवेल तोडणाऱ्यांनी मांडणी आणि चीक या दोन गोष्टी न बघता वेल घरी आणू नये. कडू करांद्याची पानं एकाआड एक, पण शिरा तळातून निघून कमानीसारख्या वळत थेट टोकाला जाऊन मिळतात आणि पावसाळा सरताना पानाच्या बगलेत बटाट्यासारखे गोळे धरतात. कमानीसारख्या शिरा आहेत पण देठाच्या तळातून दोन तणावे निघालेत, तर ती घोटवेल.

टाकळा आणि कासविंदा. आषाढात टाकळ्याची भाजी खुडताना लक्ष द्या. टाकळ्याला दलांच्या तीन जोड्या, दलं टोकाकडं रुंद आणि गोलसर, खालच्या जोडीच्या मध्ये काडीवर एक बारीक उभी ग्रंथी. कासविंद्याला जोड्या बहुधा चार-पाच, दलं टोकदार आणि ग्रंथी देठाच्या अगदी तळाशी. कासविंद्याच्या बिया लहान मुलांच्या पोटात गेल्या तर जिवावर बेतू शकतं, म्हणून हा फरक मुलांनाही दाखवावा.

कडुनिंब, बकाण निंब आणि महारुख. कडुनिंब एकदाच विभागलेला. बकाण दोनदा, म्हणजे काडीला पुन्हा काड्या. महारुखाचं पान एकदाच विभागलेलं, पण कधी कधी हातभर लांब, दलांना मोठे ओबडधोबड दाते.

शिसव आणि करंज. दोन्हींत पाच-सात दलं. करंजाची दलं समोरासमोर, चकचकीत, टोकदार. शिसवीची एकाआड एक आणि गोलसर. बिबळ्याचीही दलं एकाआड एक, पण लांबट आणि टोकाला बारीक खाच असलेली.

पळस आणि पांगारा दोन्ही तीन दलांचे. पळसाचं दल जाड, खरखरीत. पांगाऱ्याचं पातळ, फांदीवर काटे. माघ-फाल्गुनात दोन्हींवर पान नसतं, तेव्हा काटे आणि देठाचे वण बघावे लागतात.

पूर्व आणि पश्चिम

एकाच सातारा जिल्ह्यात पश्चिमेच्या महाबळेश्वराला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि पूर्वेच्या माण तालुक्यात त्याचा लहानसा हिस्सा. पानांवर हे लिहिलेलं दिसतं. पश्चिमेला जाड, अखंड कडेची, सदाहरित साधी पानं जास्त: अंजनी, जांभूळ. पूर्वेला बारीक दलांची पानं आणि काटे: बाभूळ, हिवर, बोर. माणमधल्या म्हसवडजवळ अनोळखी झाड दिसलं तर आधी काटे आणि देठावरच्या ग्रंथी तपासा. महाबळेश्वरात आधी सम्मुख की एकाआड एक ते बघा आणि पान उजेडात धरा.

फोटो आणि नमुना

ओळख विचारायची तर एक फोटो पुरत नाही. अख्खं झाड, पट्टी ठेवलेली फांदी ज्यात चार-पाच पेरं दिसतील, पानाची वरची बाजू, खालची बाजू, बगल जवळून, खोडाची साल, आणि असेल तर फूल-फळ. मोबाइलवरची ओळख सांगणारी ॲप बहुधा फोटोतला आकार आणि रंग बघतात. बगलेचा फोटो दिला नाही तर गुळवेल आणि उतरणीसारख्या जोडीत ती सहज चुकतात. त्यांचं उत्तर ही पहिली सूचना समजा आणि मांडणी स्वतः पडताळा.

कास २०१२ पासून जागतिक वारसा यादीतल्या पश्चिम घाटाच्या भागांपैकी एक आहे. तिथं काहीही तोडू नका आणि सड्यावर पाऊल टाकू नका, कातळावरची बोटभर माती आणि तिच्यातले कंद पायाखाली मरतात. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय वनस्पती तोडणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. नमुना घ्यायचा तर बांधावरचा, घराजवळचा, मालकाला विचारून.

वाळवण्यासाठी ४५ बाय ३० सेंटिमीटरच्या दोन प्लायवूडच्या फळ्या, जुनी वर्तमानपत्रं आणि आवळायला दोन पट्टे. फांदी कागदावर पसरा, एक पान मुद्दाम उलटं ठेवा म्हणजे खालची बाजू दिसेल, पेर आणि बगल झाकू देऊ नका. उन्हाळ्यात रोज, पावसाळ्यात पहिले तीन दिवस दिवसातून दोनदा कागद बदला. कागद बदलायला आळस केला की पानं काळी पडतात आणि बुरशी धरते. रुईसारखी जाड, रसाळ पानं काही सेकंद उकळत्या पाण्यात बुडवून टिपून घेतली तर लवकर वाळतात आणि गळत नाहीत. चिठ्ठीवर तारीख, गाव, झाड आहे की वेल, मांडणी, चीक आहे की नाही, वास आणि फुलाचा रंग त्याच दिवशी लिहा. वाळल्यावर वास आणि रंग दोन्ही जातात. स्थानिक नावही लिहा, पण ते कुठल्या गावात आणि कुणी वापरतं तेही लिहा. ऐनाला कुठं सादडा म्हणतात, आणि एकच नाव दोन गावांत दोन झाडांना असू शकतं.

एवढं करूनही अडलं तर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग आहे आणि पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचं १९५५ साली सुरू झालेलं पश्चिम विभागीय केंद्र. तिथं वाळवलेल्या, नाव पक्कं झालेल्या नमुन्यांचा संग्रह असतो आणि आपला नमुना त्याच्याशी ताडून बघता येतो. जाताना फूल किंवा फळ असलेली फांदी न्या. नुसत्या पानांच्या फांदीवर जाणकारही कधी कुळापाशीच थांबतात, आणि मग त्याच झाडाकडं फुलोऱ्याच्या महिन्यात पुन्हा जावं लागतं. म्हणून नमुना घेतल्या दिवशीच झाडाची जागा वहीत नीट लिहून ठेवा.